कपाट वळेना

वाडा पाडायचं शेवटी नक्की झालं आणि पहिल्याच दिवशी सगळं अडलं ते आजोबांच्या सागवानी कपाटापाशी. जुन्या नाशकात तिवंध्यापासून जरा आत बोळात आमचा वाडा, आता वाडा म्हणायचं आपलं एवढंच, चार चुलत्यांत वाटण्या होऊन आमच्या वाट्याला माडीवरच्या दोन खोल्या आणि अर्धा जिना आलेला, आणि अर्धा जिना वाटून कसा घेतात हे मला आजतागायत कळलेलं नाही पण कागदावर तसं आहे. तर कपाट माडीवर, टेम्पो बोळाच्या तोंडाशी, आणि मधे तो जिना. जिन्याला दोन वळणं, एक डावीकडे आणि लगेच चार पायऱ्यांवर दुसरं उजवीकडे. हमाल चार होते, त्यांच्यातल्या म्होरक्याला सगळे अण्णा म्हणत होते म्हणून मीपण अण्णाच म्हणायला लागलो. अण्णांनी कपाट पाहिलं, खाली जाऊन जिना पाहिला, परत वर आले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "साहेब, हे वर आलं कसं?"

ह्याचं उत्तर घरात कुणाकडेच नाही. आई म्हणायची सुताराला माडीवर बसवूनच करून घेतलं. मोठे काका म्हणायचे बोळाच्या बाजूनं दोर लावून खिडकीतून चढवलं, तेव्हा खिडकी मोठी होती म्हणे, नंतर बुजवली. मी पन्नास वर्षं ते कपाट बघतोय आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नाही.

मग पाऊण तास झटापट. उभं करा, आडवं घ्या, हां आता कल द्या, खालच्यानं दाबा, वरच्यानं सोडू नका रे, फिरव फिरव फिरव, अडला! पहिलं वळण कसंबसं निघालं पण दुसऱ्यावर ते असं काही बसलं की ना खाली ना वर, कपाटाच्या कोपऱ्यानं भिंतीचा एक चांगला नारळाएवढा लपका काढला आणि अण्णा म्हणाले जाऊ द्या, आज परत वर ठेवू, नाहीतर फोडून न्यावं लागेल.

माझा भाचा वरच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मदतीला आलेला, म्हणजे रील बघायला. तो म्हणाला, "मामा, तुला माहितीये का, ह्याच्यावर मॅथ्समध्ये खरंच एक प्रॉब्लेम आहे. सोफा वळवायचा. आत्ता सुटला तो."

मला माहीत होतं, निम्मं. प्रॉब्लेम आहे हे माहीत होतं, सुटला हे नव्हतं. मी एमएस्सी मॅथ्स केलंय, पुढे पीएचडीला नावपण नोंदवलं होतं, त्यावर येतो नंतर.

प्रॉब्लेम असा की एक मीटर रुंदीचा बोळ आहे आणि तो काटकोनात वळतो. त्यातून उचलायचा नाही, नुसता सरकवत न्यायचा, असा जास्तीत जास्त मोठा सोफा कोणत्या आकाराचा? लिओ मोझर नावाच्या गणितज्ञानं हे १९६६ साली विचारलं. चौकोनी घेतला तर एक चौरस मीटर, तो सरळ जातो. अर्धवर्तुळ घेतलं तर १.५७ पर्यंत जातं. १९६८ मध्ये हॅमर्सलीनं जुन्या काळ्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आकार काढला, मधे खोबण असलेला, तो २.२०७४. मग १९९२ मध्ये गर्व्हरनं त्याच रिसीव्हरच्या कडा घासूनपुसून, अठरा वेगवेगळे तुकडे जोडून २.२१९५ केला. फरक किती पडला बघा, शंभरातला एक भागपण नाही. आणि तिथे गाडी बत्तीस वर्षं थांबली, कारण ह्याहून मोठा कुणाला सापडेना आणि ह्याहून मोठा असूच शकत नाही हे कुणाला सिद्ध करता येईना. नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या योन्सेई विद्यापीठातल्या जिनिऑन बेक ह्या तरुण पोरानं ११९ पानांचा पेपर टाकला, की गर्व्हरचाच सोफा सगळ्यात मोठा, विषय संपला. सातेक वर्षं तो ह्याच एका गोष्टीमागे होता. आणि गंमत म्हणजे सिद्धतेत कॉम्प्युटरवर भार टाकलेला नाही, कागद-पेन्सिलीची माणसं करतात तसं केलंय.

मी भाच्याला म्हटलं, आपल्या जिन्याला दोन वळणं आहेत, डावं आणि उजवं, त्याचं काय? तर त्याचाही आहे! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधले डॅन रोमिक, त्यांना थ्रीडी प्रिंटिंगचा नाद, ते सोफ्यांची छोटी छोटी मॉडेल्स प्रिंट करून बोळातून फिरवत बसायचे आणि त्यातून दोन्हीकडे वळणारा सोफा निघाला. मधे चिमटा काढल्यासारखा दिसतो, आणि साहजिकच लहान होतो, १.६४५. म्हणजे दुसरं वळण आलं की पाव भाग गेला. अण्णांना मी हे सांगितलं, मोबाईलवर चित्र दाखवलं. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "उचलायचा नाही म्हणता? मग आम्हाला कशाला बोलावतील."

खरंय. अण्णांचं गणित तीन मितींतलं आहे, त्यात पायऱ्या आहेत, पाठ आहे, आणि खालच्या माणसाचा अंगठा आहे. ते अजून कुणी सोडवलेलं नाही.

तर कपाट परत वर गेलं, हलकं करायला रिकामं केलं आणि खालच्या कप्प्यात माझ्या झेरॉक्स निघाल्या. दोन गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, वर माझ्याच अक्षरात ९४-९५ लिहिलेलं. पीएचडीचं नोंदवलेलं ते हेच. तेव्हा इंटरनेट वगैरे काही नाही, पुण्याला जायचं, लायब्ररीत जर्नल शोधायचं, झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं, संध्याकाळच्या एसटीनं नाशिक. अडीच-तीन वर्षं केलं. एका ठिकाणी अडलो, आठ महिने अडलोच, तेवढ्यात बँकेत लागलो, वडील म्हणाले जाऊ दे रे, आधी कन्फर्म हो, मग बघ. मीपण म्हटलं जाऊ दे. त्यात कुणाचा काही दोष नाही, वडिलांचा तर नाहीच, मला ते म्हणणारं कुणीतरी हवंच होतं.

आता ह्याला योगायोग म्हणा, पण झेरॉक्स मशीन म्हटलं की मला गेली दोन वर्षं कातालिन कारिको आठवते. हंगेरीहून अमेरिकेत गेलेली बाई, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएवर काम करत होती, म्हणजे पेशीला जी चिठ्ठी मिळते ना की आता हे प्रोटीन बनव, ती चिठ्ठी बाहेरून लिहून पाठवायची. कल्पना सोपी, पण चिठ्ठी आत गेली की शरीर खवळायचं, सूज, ताप. ग्रँट मिळेना, अर्ज परत, अर्ज परत, १९९५ मध्ये तिला खालच्या पदावर आणलं. आपल्याकडे ऑफिसात एवढं झालं की माणूस बदली मागतो. ती तिथेच राहिली आणि झेरॉक्स मशीनपाशी तिची ड्रू वाइसमनशी ओळख झाली, दोघांनाही पेपर वाचायचे म्हणून मशीनवर भांडायची वेळ यायची, त्यातून बोलणं, त्यातून काम. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की चिठ्ठीतलं एक अक्षर, युरिडिन, त्याच्या जागी त्याचं थोडं बदललेलं रूप घातलं की शरीर गप्प बसतं. तेव्हाही कुणी हार घेऊन आलं नाही. पंधरा वर्षांनी कोविडच्या एमआरएनए लशी निघाल्या त्या ह्या अक्षरावर, आणि २०२३ चं नोबेल दोघांना. माझी आणि तिची तुलना करत नाहीये हां, काहीतरीच, पण नव्वदच्या दशकात ती तिच्या मशीनपाशी आणि मी माझ्या मशीनपाशी उभे होतो एवढं खरं. ती उभी राहिली आणि मी रांग सोडली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वाड्यावर गेलो, लाइटचं मीटर काढून द्यायचं होतं. जिन्यात तो भिंतीचा लपका पडलेला. शेजारच्या वाड्यात डागडुजी चालू आहे, तिथले एक म्हातारे गवंडी बाबा पाणी प्यायला आमच्या ओट्यावर येतात, त्यांनी लपका हातात घेतला, अंगठ्यानं चोळला. करडा मसाला आणि त्यात पांढऱ्या गाठी, ज्वारीएवढ्या, काही हरभऱ्याएवढ्या. बाबा म्हणाले, "हे बघा, कळी तशीच राहिली. चुना विरवायला घाई केली, घाणीत नीट घोटला नाही. कामचुकारपणा." मग घाणीचं सांगत बसले, गोल खळगा, त्यात दगडी चाक, बैल फिरतोय, चुना आणि विटांचा चुरा दिवसभर दळला जातोय, त्यांनी लहानपणी पाहिलेली. चुना आधी खड्ड्यात पाण्यात मुरवत ठेवायचा, जितका जुना तितका लोण्यासारखा. गाठ राहिली की मुकादम शिव्या घालायचा.

आता गंमत अशी की रोमन लोकांच्या काँक्रीटमध्ये अगदी अशाच पांढऱ्या गाठी आहेत आणि शिकलेसवरलेले लोकही बरीच वर्षं हेच म्हणत होते, मिश्रण नीट केलं नाही, माल हलका. एमआयटीतले अदमिर मासिच ह्यांना ते पटेना. जे लोक बांधकामाच्या बाबतीत इतके काटेकोर, ज्यांच्या रोममधल्या पँथिऑन देवळाचा घुमट आतून ४३ मीटर रुंद, लोखंडाची एक सळई नाही आणि एकोणीसशे वर्षं उभा, ते चुना नीट कालवणार नाहीत? म्हणून त्यांनी रोमजवळच्या प्रिव्हर्नम ह्या जुन्या गावच्या तटाच्या भिंतीचे तुकडे घेतले आणि त्या गाठीच तपासल्या. जानेवारी २०२३ मध्ये पेपर आला. त्यांचं म्हणणं, रोमन लोक विरवलेला चुना नाही तर कळीचाच चुना कोरडा राखेत मिसळत होते, ज्वालामुखीची राख, आणि मग पाणी. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की काय होतं हे दिवाळीआधी घराला चुना दिलेल्या कुणालाही सांगायला नको, फसफसतो, वाफा निघतात, बादली धरवत नाही. त्या गरमीत गाठी तशाच राहतात, ठिसूळ. पुढे शंभर-दोनशे वर्षांनी भिंतीला भेग गेली की ती नेमकी ह्या ठिसूळ गाठीतून जाते, भेगेत पावसाचं पाणी शिरतं, गाठीतला चुना विरघळतो, वाहत जातो, भेगेतच परत जमतो आणि भेग बुजते. औषधाची पुडी भिंतीतच बांधून ठेवलेली.

हे नुसतं म्हटलं नाही, करून पाहिलं. रोमन पद्धतीचा एक ठोकळा आणि कळीचा चुना न घातलेला एक, दोन्ही मुद्दाम तडकवले, भेगेतून पाणी वाहतं ठेवलं. दोन आठवड्यांत रोमन ठोकळ्यातून पाणी यायचं बंद झालं. दुसऱ्यातून येतच राहिलं. नंतर पॉम्पेईला एक अर्धवट बांधकाम सापडलं, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात जसं होतं तसं गाडलं गेलेलं, तिथे कळीचा चुना आणि राख कोरडी कालवून ठेवलेला ढीगच होता, म्हणजे गवंडी उद्या येऊन पाणी टाकणार होता.

मी हे सगळं बाबांना सांगितलं, थोडं जास्तच उत्साहात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते राख घालायचे. आपल्याकडे कुठंय राख." बरोबर आहे, आमच्या भिंतीत विटांचा चुरा आहे, आणि आमच्या गाठी खरंच कुणाच्या कामचुकारपणाच्या असू शकतात, मी काही आमच्या वाड्याला पँथिऑन करत नाही. पण विटांचा चुरासुद्धा चुन्याशी साधारण तसाच वागतो असं वाचलंय, आणि ती भिंत गोदावरीचे किती पूर बघून उभी होती ते सगळ्यांना माहितीये, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं त्या प्रत्येक वर्षी. तिला पाडणार तो जेसीबी.

आणि आम्ही जातोय कुठे, तर पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये, सात वर्षांची बिल्डिंग. हॉलच्या स्लॅबला भेग. पावसाळ्यात थेंब थेंब. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला, वर बघितलं आणि म्हणाला हेअरलाइन आहे काका, जाऊ द्या. सिमेंट करायला जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ८ टक्क्यांच्या आसपास धूर सोडायचा आणि मग भेगेखाली बादली ठेवायची. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स ह्यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूच घातले, झोपलेले, सोबत त्यांचं खाणं. भेग पडली, पाणी आलं की ते जागे होतात, खातात आणि चुनखडी तयार करून भेग भरतात. मी बिल्डरच्या माणसाला हे सांगणार होतो पण त्याचा फोन लागत नाही. सध्या तर सिंहस्थाच्या कामांमुळे शहरभर काँक्रीट ओतणं चाललंय, मी मिक्सरच्या गाडीमागे अडकलो की त्या फिरणाऱ्या पिपाकडे बघत बसतो, आत गाठी असतील का म्हणून.

विद्यापीठं म्हणाल तर नाशिकलाही आहेत, म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आणि गंगापूर धरणाकडे मुक्त विद्यापीठ, पण आपल्या डोक्यात विद्यापीठ म्हणजे फॉर्म, हॉलतिकीट, निकाल. तिथे कुणी आठ-आठ महिने एका भेगेकडे किंवा एका सोफ्याकडे बघत बसतं आणि त्याचा पगार घेतं हे घरी कुणाला सांगून पटत नाही. माझ्या बायकोला सोफ्याचं सांगितलं तर म्हणाली, "अहो, मग त्यांना आधी आपलं कपाट काढायला सांगा ना."

पण आमच्या वाड्यातच खालच्या मजल्यावर एक काका राहायचे, त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला, २०१७ च्या दिवाळीत. त्यांच्यामुळे मला पंचवटी एक्स्प्रेसचं दुसरं रूप कळलं. नाशिकरोडला सकाळी सातच्या सुमाराला येते, चाकरमान्यांचे पासवाले डबे, पत्ते, भजनं, आणि त्याच गाडीत खिडकीशी मांडीवर फाईलची पिशवी घट्ट धरून बसलेली माणसं, ती परळला टाटाला चाललेली असतात. फाईल बघितली की जागा देतात, कुणी काही विचारत नाही. मी काकांबरोबर पाच-सहा वेळा गेलो. किमो झाली, बरं वाटलं, परत उलटलं. २०१९ मध्ये गेले.

त्याच वेळी, हे मला नंतर कळलं, तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर पवईला आयआयटी मुंबईत राहुल पुरवार आणि त्यांचे विद्यार्थी टाटाच्याच डॉक्टरांबरोबर कार-टीवर काम करत होते. रोग्याच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी नवा जीन सोडायचा, म्हणजे त्यांना कॅन्सरच्या पेशींवरची सीडी-१९ नावाची खूण ओळखता येते, मग त्या लॅबमध्ये वाढवायच्या आणि सलाईनसारख्या परत त्याच माणसाला द्यायच्या. अमेरिकेत २०१७ मध्येच मंजूर झालं होतं, खर्च तीन-चार कोटींच्या घरात. इथे पहिला रोगी २०२१ मध्ये, मंजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत लोकार्पण, खर्च परदेशाच्या साधारण दहावा हिस्सा. तो दहावा हिस्सापण आमच्या काकांना झेपला नसता. आणि सगळ्यांना लागू पडतं असंही नाही, तीच खूण असलेल्या रक्तातल्या चांगल्या बी पेशीही त्यात मरतात, काहींचा रोग परत येतो. त्यांना मिळालं असतं तर वाचले असते असं मी काकूंसमोर कधी बोललो नाही, बोलणारही नाही. फक्त २०१८ च्या एका सकाळी आम्ही दादरला उतरून टॅक्सीसाठी भांडत होतो तेव्हा पवईत कुणीतरी पोरगी मायक्रोस्कोपवर वाकून म्हणत असेल की आजपण झालं नाही, उद्या परत करू, हे मनात येतं.

हे सगळं लिहिताना कपाट राहिलंच.

आठवड्यानं अण्णा स्वतःहून आले. सुट्टीचा दिवस होता त्यांचा, एकटेच, हातात लाकडी हातोडी. म्हणाले, "ते वर आलं कसं ते डोक्यातून जाईना." कपाट भिंतीपासून ओढलं, मागे गेले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि हाक मारली. मागच्या बाजूला एकही खिळा नाही, स्क्रू नाही. सगळ्या सांध्यांत लाकडी खुंट्या. आणि प्रत्येक सांध्याशी पटाशीनं कोरलेले आकडे, १ ला १, २ ला २, अकरापर्यंत. सुतारानं ते खाली, कुठेतरी त्याच्या दुकानात केलं, उकललं, तुकड्या-तुकड्यांनी वर आणलं आणि जोडून भिंतीला लावलं. आजोबांनी ते कुणाला सांगितलं नसावं किंवा सांगितलं असेल आणि कुणी ऐकलं नसेल. अण्णांनी हातोडीनं टक् टक् करत खुंट्या काढल्या, वीस मिनिटांत कपाटाच्या फळ्या झाल्या, दोघांनी मिळून खाली आणल्या. दोन्ही वळणांना कुठेही टेकल्या नाहीत. पैसे घेतले नाहीत अण्णांनी, भाच्यानं आणलेली मिसळ खाल्ली, जादा तर्री मागून.

आता कपाट फ्लॅटमध्ये उभं आहे. सात नंबरची खुंटी येताना हरवली म्हणून जरासं डावीकडे कलतं. झेरॉक्स परत खालच्या कप्प्यात. मी त्या आठ महिन्यांच्या जागेपर्यंतची पानं एकदा वाचून काढली, निम्मं कळलं नाही, माझंच अक्षर असून.

आणि तो भिंतीचा लपका मी घेऊन आलोय. दोन तुकडे केले, एक कोरडा कपाटावर ठेवला, दुसऱ्याला मधे भेग पाडून दोऱ्यानं बांधला आणि बाल्कनीत एका स्टीलच्या डब्यात, वर सलाईनची जुनी नळी बांधून थेंब थेंब पाणी सोडलंय. आज अकरावा दिवस. रोज सकाळी चष्मा लावून बघतो, फोटो काढतो, भाच्याला पाठवतो. भेग अजून तरी जशीच्या तशी आहे, कडेला जरा पांढरं धरल्यासारखं वाटतंय, पण ते आपल्या पाथर्डी फाट्याच्या बोअरच्या पाण्याचे क्षारपण असू शकतात. उद्यापासून फिल्टरचं पाणी सोडून बघतो. बायकोला तो डबा हवाय.